पऱ्हाट्यांवरून गेलेली बस

जानेवारीचा शेवटचा आठवडा. सकाळी सव्वासातला मी शाळेच्या फाटकात उभी राहून बसच्या ड्रायव्हरकाकांना हात करत होते, की कडेने घेऊ नका, बरोबर त्या काड्यांवरूनच या. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मॅडम, टायर में चुभेगा." म्हटलं, "नहीं चुभेगा काका, कपास की काड़ी है, आडवी पडलीय." दोन क्षण थांबून त्यांनी गाडी घातली. कडकड कडकड करत बस आत आली आणि आत बसलेली सगळी सातवी ब खिडक्यांना चिकटून ओरडली.

त्या पऱ्हाट्या होत्या. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उभं राहतं ते कपाशीचं वाळलेलं झाड. हा शब्द माझ्या सासरचा, अमरावतीकडचा. इंदूरच्या आमच्या मराठी घरांत तो कुणी वापरत नाही, कारण इथे आमच्यापैकी कुणाची शेतीच नाही. आमचे वाडवडील होळकरांच्या नोकरीत आले, पुढे कुणी कचेरीत गेलं, कुणी शाळेत, कुणी मिलमध्ये. शब्द मी वर्गात आणला आणि हिंदीत शिकणाऱ्या माझ्या मुलांनी तो तसाच उचलला. "मॅम, पराटी टूट गई!" असं ती म्हणतात तेव्हा मला फार बरं वाटतं.

बस एकदा गेली, दोनदा गेली. पाच बसा, सकाळ-दुपार मिळून दहा फेऱ्या, असे चार दिवस. अंगठ्याएवढ्या जाड काड्यांचे चौथ्या दिवशी दोरासारखे तंतू निघाले होते. हे सगळं कशासाठी चाललं होतं ते सांगायला ऑगस्टपर्यंत मागे जावं लागेल.

ऑगस्टमध्ये मी मुलांना एक साधं काम दिलं होतं: आपापल्या शाळेच्या शर्टाच्या कॉलरखालची पट्टी वाचून वहीत उतरवा. कापडाचा धडा पूर्वी पुस्तकात होता, पुढे अभ्यासक्रमाचा भार कमी करताना तो गळला. पण शर्ट तर रोज अंगावर असतो. दुसऱ्या दिवशी वहीत सगळ्यांचा एकच आकडा: पॉलिस्टर ६७ टक्के, कापूस ३३. मुलांना वाटत होतं शर्ट म्हणजे कापूसच. मग एक धागा उसवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. कापसाचा तंतू चपटा असतो आणि पीळ घातलेल्या फितीसारखा ठिकठिकाणी वळलेला दिसतो. बोंडात तो ओला असताना गोल नळीसारखा असतो, बोंड उघडून वाळला की बसतो आणि स्वतःभोवती वळतो. त्या वळणांमुळेच एक तंतू दुसऱ्याला धरून ठेवतो आणि सूत निघतं. शेजारी पॉलिस्टरचा तंतू, काचेच्या कांडीसारखा सरळ, गुळगुळीत. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो सहसा तोंड उघडत नाही, तो भिंगावरून डोळा न काढता म्हणाला, "मॅम, ये वाला तो ज़िंदा लगता है." मी त्याला पुढची पाच मिनिटं तिथून उठवलं नाही. रांगेतल्या मुलांनी कुरकुर केली, करू दिली.

कापूस म्हटलं की मला आजी आठवते. रामबागेतल्या आमच्या वाड्याच्या मागे देवकापसाचं झाड होतं, वर्षानुवर्षं जगणारं, पुरुषभर उंच. त्याची सरकी काळी आणि गुळगुळीत, बोटांनी चटकन सुटायची. श्रावण लागला की आजी दुपारी ओसरीवर बसून वाती वळायची, फुलवाती करायची, गणपतीसाठी वस्त्रमाळा करायची. बोटाला किंचित दूध लावून, कापूस ओढून, मध्ये मध्ये चिमटीने पीळ द्यायचा की माळेचे मणी तयार. यंदा सप्टेंबरमध्ये मी तीच वस्त्रमाळ वर्गात करून दाखवली. दोन मुलींना ती घरून येत होती. बाकीच्यांच्या घरी ती पाकिटातून येते. मग सूत कातायची टकळी काढली. अर्ध्या तासात सगळ्यांत लांब सूत निघालं ते हातभर, आणि त्यात सात गाठी. पण त्या मुलाने ते वहीत चिकटवलंय आणि खाली तारीख घातलीय.

बाबा मिलमध्ये होते, कातण खात्यात. रात्रपाळी करून आले की त्यांच्या भुवयांवर, कानाच्या पाळीवर रुई बसलेली असायची, पीठ गिरणीतल्या माणसावर पीठ बसतं तशी. आम्ही लहानपणी ती फुंकर मारून उडवायचो, खेळ होता आमचा. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी त्यांची छाती भरायची, आठवड्याच्या शेवटी जरा मोकळी व्हायची. रुईच्या धुळीने होणारा दमा असाच असतो, सुट्टीनंतर कामावर गेल्या दिवशी जास्त, हे मला बी.एस्सी.ला कळलं. बाबांना कुणी सांगितलंच नाही. मिला केव्हाच बंद पडल्या. अनंत चतुर्दशीला त्यांच्या नावाच्या झाँक्या मात्र अजून निघतात आणि अख्खं इंदूर रात्रभर रस्त्यावर उभं राहून त्या बघतं. या वर्षी झाँकी बघून आल्यावर एका मुलीने विचारलं, "मॅम, हुकुमचंद मिल में बनता क्या था?" मिलच्या नावाने जल्लोष करणाऱ्या शहरातल्या मुलीला हे ठाऊक नव्हतं. त्याच दिवशी ठरवलं, मुलांना कपाशीच्या शेतात न्यायचंच.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही निमाडात गेलो. मानपूरच्या पुढे घाट उतरलात की माळवा संपतो, हवा बदलते, स्वेटर निघतात. खलघाटला नर्मदा ओलांडली. कसरावदच्या पुढे दोन्ही बाजूंना पांढरं शेत सुरू झालं आणि बसमधली गाणी आपोआप थांबली. माझ्या एका सहकारी शिक्षिकेच्या काकींचं शेत आहे तिथे, चार एकर कपाशी. काकी साठीच्या, डोक्यावर पदर, बोलणं निमाडी. मुलांना त्यांनी आधी दहा वाजेपर्यंत झाडाला हात लावू दिला नाही. दव सुकल्याशिवाय वेचायचं नाही, ओला कापूस घरात तापतो, पिवळा पडतो. मग त्यांनी दाखवलं: खालचं बोंड आधी उघडतं, तिथून सुरू करा. पाचही बोटं बोंडात घाला, चारही पाकळ्यांतला कापूस एका ओढीत काढा, वाळकं पान सोबत येऊ देऊ नका. सांगायला सोपं. वाळलेल्या टरफलाची टोकं सुईसारखी असतात, नखाच्या मुळाशी टोचतात. दहाव्या मिनिटाला मुलांची बोटं तोंडात गेली होती.

एका तासात माझ्या ३८ मुलांनी मिळून नऊ किलो वेचला. शेजारच्या ओळीत एक मजूर बाई होत्या, पाठीला ओटी बांधलेली, दोन्ही हात एकाच वेळी वेगवेगळ्या बोंडांवर. त्यांनी त्याच एका तासात एकटीने सहा किलो वेचला. वेचणीचा दर किलोला दहा रुपये. परतीच्या वाटेवर मुलांनी स्वतःची मजुरी काढली: प्रत्येकी दोन रुपये सदतीस पैसे. बाईंची साठ रुपये. मी काही बोलले नाही. एक मुलगा आपलं बोट बघत बसला होता.

काकींनी एक हिरवं बोंड विळीवर चिरून दाखवलं. वरून निरोगी, एक छिद्र नाही. आत गुलाबी अळी सरकी खात बसलेली. अळी लहान असताना आत शिरते आणि शिरलेलं भोक बुजून जातं, म्हणून बाहेरून काही कळत नाही. फुलाच्या वेळीच लागण झाली तर पाकळ्या उघडत नाहीत, गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहतात. अशा कळीला विदर्भात डोमकळी म्हणतात. बीटी कपाशी, म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःच्या अंगात तयार करणारं वाण, आपल्याकडे २००२ साली आली तेव्हा बोंडअळीचा प्रश्न मिटला असं वाटलं होतं. गुलाबी अळीने मात्र त्या विषाची सवय करून घेतली. आता उपाय राहतात ते हंगाम वेळेवर संपवण्याचे: फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर पुन्हा पीक, घ्यायची नाही, पऱ्हाट्या शेतात उभ्या ठेवायच्या नाहीत, बांधावर ढीग लावून ठेवायचे नाहीत, कारण न उघडलेल्या बोंडांत अळी तशीच दडून राहते आणि पुढच्या वर्षी परत येते.

मग या पऱ्हाट्यांचं करता काय, असं मुलांनी विचारलं. काकी म्हणाल्या, थोड्या चुलीला. घरात गॅस आहे, पण पाणी तापवायला, भाकरीला चूलच. उरलेल्या पेटवतो. गव्हासाठी रान रिकामं व्हायला हवं ना.

इंदूरला येऊन आम्ही आधी हिशेब केला. वीस बोंडांचा कापूस ८६ ग्रॅम. सरकी काढल्यावर रुई २९ ग्रॅम, म्हणजे तिसरा हिस्सा. एका बोंडाला दीड ग्रॅमच्या आतबाहेर. शाळेचा एक शर्ट १६० ग्रॅम. नुसत्या कापसाचा असता तर ११० बोंडं लागली असती. पट्टीवरच्या ३३ टक्क्यांनी ३७ लागतात, म्हणजे साधारण एका चांगल्या झाडाची. मुलांनी शेतात झाडांवरची बोंडं मोजली होती, २२ पासून ४१ पर्यंत. हा हिशेब मला फार आवडतो, कारण यातला एकही आकडा पुस्तकातला नाही. कताईत होणारी घट आम्ही सोडून दिली, सातवीला एवढं पुरे.

पण पऱ्हाट्या डोक्यातून जात नव्हत्या. आमच्या शहरातली मुलं पहिलीपासून ओला-सुका कचरा वेगळा करतात. २०१७ पासून इंदूर देशात स्वच्छतेत पहिलं येतंय याचा त्यांना केवढा अभिमान. पण गाडीत टाकलं की त्यांच्या दृष्टीने ते संपतं. झाडाने जमिनीतून घेतलं ते जमिनीत परत जायला हवं, हे त्यांनी स्वतःच्या हाताने करून बघावं असं मला वाटत होतं. डिसेंबरअखेर काकींच्या पुतण्याची पिकअप इंदूरला यायची होती, तिच्यात त्यांनी तीन-चार क्विंटल पऱ्हाट्या टाकून पाठवल्या. मुलांनी उरलीसुरली बोंडं खुडून काढली. खड्डा खणला, काड्या टाकल्या, वर शेण-माती, पाणी.

तीन आठवडे गेले. काहीच झालं नाही. काड्या जशाच्या तशा, टणक, थंड, तळाला पाणी साचून वास येऊ लागलेला. शाळेतून मला दोनदा सांगण्यात आलं की हे कचरागाडीत द्या. खड्ड्याकाठी उभ्या असलेल्या मुलांचे चेहरे पाहून मला रात्री झोप लागली नाही. चूक माझी होती. मी घाई केली होती आणि पूर्ण वाचलं नव्हतं.

वाचायला हवं होतं ते हॉवर्डसाहेबांचं काम. अल्बर्ट हॉवर्ड, इंग्रज शेतीशास्त्रज्ञ. १९२४ साली होळकर दरबारच्या जमिनीवर इंदुरात इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी राहिली, तिचे ते संचालक. पैसा मोठ्या प्रमाणात इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीचा आणि मध्य भारतातल्या संस्थानांचा. कमिटीला हवा होता चांगला कापूस. हॉवर्ड यांचं म्हणणं असं, की कापूस एकटा काढून अभ्यासता येत नाही. त्याच्याबरोबर माती, पाणी, बैल, शेतातला काडीकचरा सगळंच बघावं लागतं. काळी जमीन पाण्याने भरली की मुळांना हवा मिळत नाही, तिला सेंद्रिय खत हवं, आणि शेण तर गोवऱ्यांत जळतं. म्हणून त्यांनी शेतातल्या टाकाऊ मालातून तीन महिन्यांत खत करायची पद्धत बसवली. सोबत त्यांचे सहकारी यशवंत वाड होते. १९३१ साली दोघांच्या नावावर या पद्धतीचं पुस्तक निघालं आणि 'इंदूर पद्धत' हे नाव चहाच्या मळ्यांपासून आफ्रिकेतल्या कॉफीच्या बागांपर्यंत पोहोचलं. १९३५ साली गांधीजी इंदूरला आले तेव्हा ते हे काम बघायला गेले होते. ती जागा म्हणजे आजचं आपलं कृषी महाविद्यालय, चारी बाजूंनी इमारतींनी वेढलेलं. माझ्या वर्गातली निम्मी मुलं रोज त्याच्यावरून जातात. वाड हे नाव वाचून मला भरून आलं. जगभर गेलेल्या एका शास्त्रात आपल्या शहराचं नाव आहे, आपल्या भाषेतल्या माणसाचं नाव आहे, आणि आम्ही शिक्षक ते मुलांना सांगत नाही. मीही चोवीस वर्षं सांगितलं नव्हतं.

तर त्या लिखाणात पऱ्हाट्यांबद्दल स्पष्ट आहे: कठीण काड्या तशाच घालू नका, आधी रस्त्यावर पसरा, येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या भरडल्या जातील. अखंड काडीत पाणी शिरत नाही, बुरशीला धरायला जागा मिळत नाही. आमच्याकडे बैलगाड्या कुठल्या? बसा होत्या.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात खड्डा पुन्हा भरला, या वेळी तळाला विटांचे तुकडे घालून. भरडलेल्या पऱ्हाट्या, बागेतला पाला, शेणाचं पाणी, गोमूत्र शिंपडलेली माती, चुलीची राख, असे थर. पायाने दाबायचं नाही, हवा खेळायला हवी. पिळल्यावर स्पंज जितका ओला राहतो तितकंच पाणी. मध्ये एक लोखंडी सळी उभी केली. पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत एका मुलीने सळी उपसली आणि हातातून टाकून दिली. "जल रही है मॅम!" खरंच हात ठेववत नव्हता. प्रयोगशाळेतला तापमापक घातला, ५८ अंश. बाहेर उन्हात २७. त्या दिवशी पाचवीपासून दहावीपर्यंतची मुलं रांग लावून सळीला हात लावून गेली. शिपाईकाकाही आले. इतक्या उष्णतेत अळी टिकत नाही, हे मला सांगावं लागलं नाही, मुलांनीच काढलं.

दोन आठवड्यांनी पहिल्यांदा उलथला तेव्हा आत रवा सांडल्यासारखी पांढरी बुरशी पसरली होती आणि काडी नखाने सोलता येत होती. पुढे आणखी दोनदा उलथला. मे महिन्यात शाळा बंद, तेव्हा चौकीदारकाकांनी दर तिसऱ्या दिवशी पाणी मारलं, न सांगता. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा खड्ड्यात काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या वासाचं खत होतं. चाळून अकरा गोणी भरल्या. नऊ शाळेच्या बागेला. तिथे आता देवकापसाची चार रोपं आहेत, बी माझ्या मावशीकडून आणलेलं.

दोन गोणी आम्ही काकींकडे घेऊन गेलो, रविवारी, मी आणि चार मुलं. काकींच्या शेतात कपाशी टोचून झाली होती, दोन-दोन पानांवर रोपं. त्यांनी मूठभर खत हातात घेतलं, चोळलं, नाकाशी नेलं. "ये मेरी ही काड़ी है?" मुलांनी जोरात माना हलवल्या. काकी खत हातात धरून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, चांगलं झालंय, पण बाळांनो, माझ्या चार एकरांना सोळा ट्रॉल्या लागतात.

वही निघाली. एका ट्रॉलीत पन्नास गोण्या, सोळा ट्रॉल्यांच्या आठशे. आम्ही आणलेल्या पऱ्हाट्या जेमतेम अर्ध्या एकराच्या, त्यांच्या अकरा गोण्या झाल्या. चार एकरांच्या सगळ्या पऱ्हाट्यांचं खत केलं तरी अठ्ठ्याऐंशी. मुलीने वही माझ्याकडे वळवली. "मॅम, बाकी के सात सौ बारह कहाँ से आएँगे?"

"गोठ्यातून," मी म्हणाले. काकींच्या गोठ्यात एक म्हैस होती. दोन दावणी रिकाम्या.

"पूर्वी होत्या दोन जोड्या," काकी म्हणाल्या.

"बैल कशाला विकले?" त्या मुलीने विचारलं.

काकी बांधावर बसल्या, मुलांना शेजारी बसवलं आणि अगदी सुरुवातीपासून सांगायला लागल्या. आम्ही त्या दिवशी इंदूरला पोहोचलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते.